शाळेत न जाणारी मुलं आणि लोकांनी आपणहून ठरवलेली कारणं (कोल्हापूर)

कळंब्याची (धागाकर्ती)

आमची मुलगी चौथीनंतर शाळेत गेलेली नाही. आता तिला बारा पूर्ण होतील. घरी शिकते. घरशाळेवर इथं जुने धागे आहेत, ते मी वाचलेत, पण ते बहुतेक पुण्या-मुंबईचे. मला आपल्या कोल्हापुरातलं बोलायचंय. अभ्यास कसा घ्यायचा ते नको, लोक आमच्यासारख्या घरांबद्दल काय धरून चालतात, ते बोलूया.

"मुलगी कितवीला?" या प्रश्नाला खरं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न "का?" असा क्वचितच येतो. लोकांकडं कारण तयार असतं. एका लग्नात मामेसासऱ्यांनी धरलं की पोरगी फार हुशार असणार, आयआयटीची तयारी आत्तापासून चाललीय. त्याच पंगतीत शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का वो तिला?" आमच्या गल्लीत काहींना वाटतं आमच्याकडं पैसा जास्त झालाय, काहींना वाटतं फी भरायला पैसे नाहीत. एका काकूंनी मनापासून सांगितलं, "महापालिकेच्या शाळेत घाल की गं, तिथं काय लागत नाही." कुणी विचारतं तुम्ही कुठल्या पंथाचे. कुणाला वाटतं परदेशी जायचंय. माझ्या आत्याचं मत असं की मला पोरीला नजरेआड करवत नाही.

आमचं कारण सांगते. नवरा गोकुळ शिरगावला कारखान्यात आहे, कायम दुसऱ्या पाळीला. दुपारी निघतो, घरी यायला रात्रीचे बारा. मुलगी शाळेत होती तेव्हा तो उठायचा त्या वेळी ती दप्तर भरत असायची. बापलेकीची गाठ रविवारी, आणि रविवारी गृहपाठ. शाळा चांगली होती. बाई जीव लावणाऱ्या होत्या. तक्रार करावी असं काहीच नव्हतं. आम्हाला घरातली माणसं एकमेकांना भेटायला हवी होती, एवढंच. आता सकाळी गणित आणि विज्ञान तिचे बाबा घेतात. कारखान्यातला माणूस असल्यामुळं घरात व्हर्नियर कॅलिपर आला, आणि भाकरीपासून बांगडीपर्यंत सगळ्याची जाडी मोजून झाली. दशांश अपूर्णांक ती त्यावर शिकली. रोपलावणीला आम्ही गारगोटीकडं सासूबाईंच्या शेतावर जातो, तेव्हा पुस्तकं मिटलेली.

हे सगळं सांगितल्यावर समोरचा म्हणतो, "ते ठीक आहे, पण खरं काय?" पाळी आणि बापलेकीची गाठ एवढ्यावर कुणी शाळा सोडत नसतं, असं त्यांच्या मनात पक्कं असतं.

तर दोन्हीकडच्यांनी मोकळेपणानं लिहा. ज्यांच्या घरी मुलं अशी शिकतात त्यांनी आपलं कारण लिहा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तेही लिहा. मला राग येणार नाही.


शाहूपुरी तिसरी गल्ली

मोकळेपणानं म्हणालात म्हणून लिहितो. मला हे श्रीमंतांचं वाटतं. मी ज्या दोन घरांत पाहिलं, ती दोन्ही ताराबाई पार्कातली. मुलांना केंब्रिज बोर्डाच्या आयजीसीएसईला (दहावीच्या तोडीची परीक्षा) बाहेरून बसवणार, शिकवायला घरी माणसं येतात, वर्षातून दोनदा हिमालय. ते बघून मी सगळ्यांना त्याच मापानं मोजत आलो. तुमच्या घरात महिन्याचा खर्च किती येतो, हे विचारलं तर चालेल का?


कळंब्याची

चालेल की. पुस्तकं बालभारतीची, ती त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण आम्ही छापीलच घेतो. करवीर नगर वाचन मंदिराची वर्गणी. ते वाचनालय १८५० सालचं आहे, आणि आमच्या मुलीला बालविभागातून मोठ्यांच्या विभागात जायची घाई झालीय. वह्या, रंग, पोहण्याची फी. शाळेच्या रिक्षाला जायचे त्यापेक्षा हे कमीच भरतं.

खरा खर्च दिसत नाही. मी एका सीएंकडं हिशोबाचं काम करत होते, ते सोडलं. आता जीएसटीची थोडी कामं घरून करते. पगार निम्म्याच्या खाली आला. म्हणजे आम्ही श्रीमंत नाही, पण एक पगार घटला तरी चूल पेटते एवढी ऐपत आहे, हे कबूल करायला हवं. ती ऐपत ज्यांच्याकडं नाही त्यांना हा विचारही करता येत नाही. तेवढं तुमचं बरोबर आहे.


मोगरा

माझ्या मुलाबद्दल लोक काय धरून चालतात ते एका वाक्यात सांगता येईल: त्याच्यात काहीतरी कमी आहे. तो अडखळत बोलतो. त्यामुळं त्यांना पुरावाही मिळतो.

त्याला पाठ सगळं असायचं. प्रश्न विचारला की पहिल्या अक्षरावर अडायचा, आणि वर्ग ते अक्षर त्याच्याबरोबर म्हणायचा. पुढंपुढं मधल्या सुट्टीतही म्हणायचा. शाळेत जाऊन बोललो. मुलं आहेत, करणारच, असं उत्तर मिळालं, आणि वर असंही सुचवलं की याला "वेगळ्या" शाळेत घालून बघा. वर्ग काय करतो ते कुणाला खटकलं नाही, आणि वेगळ्या शाळेत मात्र यानं जायचं. आम्ही काढलं.

आमचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान आहे. सकाळी अभ्यास झाला की तो दुकानात बसतो. पावत्या लिहितो, भाव लावतो, टक्केवारी तोंडी काढतो. हमाल लोक त्याला नावानं हाक मारतात. तो "ज्वारी" म्हणायला अडला तर पाठीवर पोतं असलेला माणूस थांबतो, शब्द पुरा झाला की पुढं जातो. कुणी त्याला शब्द पुरवत नाही. स्पीच थेरपीवाल्या मॅडम आम्हाला हेच सांगत होत्या की मध्ये शब्द घालू नका, त्याला त्याचा वेळ द्या. चाळीस मुलांच्या वर्गात जे जमलं नाही ते बाजारात जमलं. आता तो गिऱ्हाइकाशी स्वतःहून बोलतो. अडखळतोच, पण बोलणं टाळत नाही.

तरी नातेवाइकांत वाक्य ठरलेलं आहे: "पोरगं शाळेत टिकलं नाही."


करवीरी गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून पस्तीस वर्षं शिकवलं. मला हे पटत नाही आणि त्याचं कारण नीट सांगावं म्हणतो.

हा प्रश्न कोल्हापुरात विचारला जातोय, हे आधी लक्षात घ्या. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्या काळी रुपया म्हणजे गरिबाला जड रक्कम. महाराजांनी तो का लावला? पालक दुष्ट होते म्हणून नव्हे. प्रत्येकाकडं कारण होतं म्हणून. गुरं राखायला माणूस नाही, धाकटं पोर सांभाळायचंय, पोरीला शिकवून करायचंय काय.

मी नोकरीला लागलो तेव्हाही पटनोंदणीला घरोघर जायचो. दारात बाप सांगायचा, "घरी शिकतीया की." आत पोरगी धुणं घेऊन बसलेली असायची. पुढच्या वर्षी गेलो की कळायचं तिचं लग्न झालं. अशी किती घरं पाहिली ते मोजलं नाही. म्हणून कुणी "आमची मुलगी घरी शिकते" म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढं तीच पोर येते. तुमच्यावर संशय नाही, ताई. पण दारात उभ्या असलेल्या शिक्षकाला तुमचं घर आणि ते घर वेगळं कसं कळणार? त्यानं विचारलंच पाहिजे, आणि तुम्ही त्याचं वाईट वाटून घेऊ नये.


पंचगंगा घाट

गुरुजी, आदर ठेवून म्हणतो, खुद्द शाहू महाराजांचं शिक्षणही सगळं शाळेत झालं नाही. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात काही वर्षं काढली, नंतर धारवाडला फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली शिकले. म्हणजे खाजगी शिक्षकाकडंच. आणि त्यातून असा राजा घडला.


करवीरी गुरुजी

खरं आहे. पण राजपुत्राला फ्रेझर मिळाला. गादीवर आल्यावर महाराजांनी काय केलं ते बघा. आपल्याला मिळालं तसं दरबारातल्या चारदोन पोरांना मिळावं एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, आणि मग शाळा सक्तीची केली. ज्याच्या घरात शिकवायला कुणी नाही, त्या पोराचा विचार त्यांनी आधी केला. माझा मुद्दा तोच आहे.

दुसरं असं. शाळा पसंत नसेल तर शाळा बदलायला झटावं. आपल्याच गावात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मराठी माध्यम, घोकंपट्टी नाही, मुलांच्या अनुभवातून शिक्षण. लीलाताई शाळेकडं पाठ फिरवून निघून गेल्या नाहीत. नवी शाळा काढून दाखवली.


कळंब्याची

गुरुजी, दारात येऊन विचारण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पूर्ण मान्य आहे. आमच्याकडं सर्वेक्षणाला बाई आल्या होत्या. मी त्यांना आत बोलावलं, मुलीनं वह्या दाखवल्या, बाईंनी तिला एक उतारा वाचायला लावला. मला ते आवडलं. विचारणाऱ्याचं मला कधीच वाईट वाटलेलं नाही. न विचारता ठरवणाऱ्यांबद्दल मी लिहिलंय.

लीलाताईंसारखं काम करण्याची माझी ताकद नाही, आणि सगळ्यांनाच तशा शाळेत जागा मिळेल, जाण्याएवढी ती जवळ असेल, असंही नाही.


भवानी मंडप

कायद्याचं थोडं स्पष्ट करतो, कारण यात दोन्ही बाजूंनी चुकीचं पसरलेलं आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. वय सहा ते चौदा. कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. पण ते न केल्याबद्दल पालकाला शिक्षा किंवा दंड या कायद्यात कुठंच नाही. म्हणून "हा गुन्हा आहे, पोलीस येतील" हे खरं नाही, आणि "सरकारनं पूर्ण मोकळीक दिलीय" असंही म्हणता येत नाही. दंड आहे तो मान्यता न घेता शाळा चालवणाऱ्याला, एक लाखापर्यंत, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजार. त्यामुळं चार घरांनी मिळून एका फ्लॅटमध्ये रोज वर्ग भरवायचा आणि त्याला नाव द्यायचं, अशा बेतात असाल तर जपून.

२०१२ च्या दुरुस्तीनं बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. म्हणजे घरी शिकणं या कायद्याला अगदीच परकं नाही, फक्त तो पर्याय सगळ्यांसाठी लिहिलेला नाही.

जगातही एकमत नाही. इंग्लंडच्या कायद्यात मुलाचं शिक्षण शाळेत किंवा अन्य मार्गानं व्हावं असं आहे, त्यामुळं तिथं घरी शिकवता येतं. जर्मनीत शाळेत जाणंच सक्तीचं आहे, तिथं अशा पालकांना दंड होतात. अमेरिकेतल्या बऱ्याच कुटुंबांनी धार्मिक कारणांसाठी हा मार्ग घेतला, म्हणून "हे कुठल्या तरी पंथाचं असणार" हा समज तिकडं घट्ट झाला. तो इथं जसाच्या तसा आणून कळंब्यातल्या घरावर लावण्यात अर्थ नाही.


लाल माती

मला एक कळंना. आमचं पोरगं नववीत हाय. म्हणजे कागदावर हाय. पहाटे चारला उठतंय, तालमीत जोर-बैठका, मग मातीत लढत, मग खुराक खाऊन झोप. दुपारनंतर परत मेहनत. शाळेचं तोंड परीक्षेला बघतंय. हजेरी कशी लागती ते शाळंला माहीत आणि आमाला. तालमीतली निम्मी पोरं अशीच हाईत. खासबागचं मैदान ज्या गावात हाय तिथं ह्याचं कुणाला काय वाटत न्हाई. उलट लोक म्हणत्यात, पैलवान करायलाय पोराला, झकास!

तसंच अकरावी-बारावीचं. नाव कुठल्या तरी कॉलेजात आणि पोरं दिवसभर नीट-जेईईच्या क्लासला. त्येंना कोण विचारतंय, मित्र कसं हुतील, समाजात कसं मिसळतील म्हणून?

मग ह्या ताईंच्या पोरीलाच का? ती तर तालमीतल्या पोरांपेक्षा जास्त शिकायलीया. फरक एवढाच की तिचं नाव कुठल्या हजेरीपटावर न्हाई, आमच्या पोराचं हाय. लोकांना पोरगं शाळेत हाय का न्हाई ह्याचं पडलेलं नसतंय वो. नाव कुठंतरी लागलेलं असलं की झालं. ताईंनी खोटं नाव लावलं न्हाई, म्हणून त्यांना सगळे विचारत्यात.


कळंब्याची

दादा, तुमचं लिहिणं मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्हालाही एकानं सुचवलं होतं की एखाद्या शाळेत नाव घालून ठेवा, हजेरीचं बघता येईल. मुलीला रोज सांगणार खरं बोल, आणि हजेरीपटावर ती रोज हजर. ते नको वाटलं.


उसाचा फड

शिरोळकडचा आहे. मी थोडं कडक लिहिणार आहे.

दिवाळीच्या आसपास आमच्याकडं बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. पालं पडतात. मुलं आईबापाबरोबर फडात. सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन पाचटात बसलेली मी रोज बघतो. मोठी मुलं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करतात. गावाकडं शाळेत नाव असतं, इथं शाळा लांब असते, आणि मार्चमध्ये परत गेली की वर्ग पुढं निघून गेलेला असतो. साखरशाळा (ऊसतोडीच्या मुलांसाठी हंगामातल्या शाळा) झाल्या, काही चांगल्या चालल्या, सगळीकडं पोचल्या नाहीत.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात या मुलांचीही नोंद होते आणि तुमच्याही मुलीची होऊ शकते. तुमच्या घरात व्हर्नियर कॅलिपर आहे. त्या पालात कंदील आहे. तुम्ही निवड केलीत, त्यांना निवड नाही. जेव्हा घरशाळेवाले म्हणतात की शाळेची गरजच काय, तेव्हा मला राग येतो. त्या पोरीला शाळेची फार गरज आहे.


कळंब्याची

मी शाळेची गरज नाही असं म्हटलेलं नाही आणि म्हणणार नाही. मी स्वतः शाळेमुळं शिकले. माझी आई सातवीपर्यंत, आजी निरक्षर. महापालिकेची शाळा नसती तर मी आज हा धागा काढू शकले नसते.

पण तुमचा राग योग्य माणसांवर आहे का, हे विचारावंसं वाटतं. फडातल्या मुलीची शाळा माझ्या मुलीनं घेतलेली नाही. ती टोळी मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत अडकलेली असते, म्हणून ती पोर पाचटात बसते. ते बदललं पाहिजे यावर तुमचं माझं एकमत आहे. तुमच्याकडं साखरशाळेत शिकवायला माणूस लागत असेल तर सांगा. हंगामात आठवड्यातून एक दिवस मी येऊ शकते, मुलीलाही आणेन.


दुधाळी

माझं वय बावीस. तिसरीपासून दहावीपर्यंत मी घरी शिकले. हे सगळं माझ्याबद्दल बोललं गेलंय, म्हणून लिहिते.

आमचं कारण कुणीच ओळखत नाही. घराजवळची मराठी शाळा पट कमी झाला म्हणून बंद झाली. पर्याय उरले ते इंग्रजी माध्यमाचे किंवा लांबचे. बाबांचं म्हणणं होतं की पोरगी मराठीतच शिकेल. आईची नोकरी शिकवणीची होती, ती म्हणाली मीच शिकवते. बास. लोकांनी मात्र धरलं की मला काहीतरी आजार आहे. एका बाईंनी आईला औषधही आणून दिलं होतं.

"मित्रमैत्रिणी नसतील" हे सगळ्यात जास्त ऐकलं. मी पेठेत वाढले. दुधाळी मैदानावर रोज संध्याकाळी असायचे, फुटबॉलच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर भावांबरोबर जायचे, गणपतीत मंडळाच्या लेझीमला. पेठेतल्या पोरीला माणसं कमी पडत नाहीत. उलट माझ्या वयाच्याच मुलींशी बोलायचं असं काही नव्हतं, त्यामुळं सत्तर वर्षांच्या आजीशी आणि पाच वर्षांच्या पोराशी बोलायला मला आजही अवघड जात नाही.

काय अवघड गेलं ते सांगते, कारण ते कुणी विचारत नाही. कागद. प्रत्येक फॉर्मवर "शाळेचे नाव". जातीच्या दाखल्याला आणि पुढं पडताळणीला शाळा सोडल्याचा दाखला मागतात. माझ्याकडं दुसरीपर्यंतच्या शाळेचा होता आणि वडील-आजोबांच्या नोंदी होत्या, म्हणून निभावलं, पण हेलपाटे पुष्कळ झाले. ज्यांनी पहिलीपासूनच शाळेत घातलं नाही त्यांनी हे आधी बघून ठेवा. दहावी मी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेच्या मंडळातून केली, मराठीतून. तिथं सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत, नोंदणी पाच वर्षं चालते, ही सोय मोठी आहे. पण तीन तास बसून घड्याळ बघत पेपर लिहायची मला सवयच नव्हती. पहिल्या पेपरला हात भरून आला आणि शेवटचे दोन प्रश्न राहिले. अकरावी सायन्सला प्रयोगशाळेत गेल्यावर ब्युरेट पहिल्यांदा बघितली. बाकीच्यांनीही फार वापरली नव्हती, पण बघितली होती.

आणखी एक. लोक "तू फार हुशार असशील" म्हणायचे तेव्हा त्याचंही ओझं व्हायचं. घरी शिकलेलं पोर म्हणजे एक तर अधू नाही तर अलौकिक. मी साधारण मुलगी होते. मला दहावीला एकाहत्तर टक्के पडले आणि आईबाबा खूश होते. ओळखीतले लोक मात्र हिरमुसले.


रंकाळा पूर्व

वरचं सगळं वाचून माझ्या डोक्यात एकच येतंय. जवळपास प्रत्येक घरात आईनं काम सोडलंय किंवा आईच शिकवतेय. कळंब्याच्या ताईंच्या घरी बाबा गणित घेतात, ते वाचून बरं वाटलं, पण पगार तुमचाच गेला.

मी नर्स आहे. मुलाला आम्ही घरी शिकवत होतो, मी रात्रपाळ्या घेऊन. कारण त्याला दम्याचा त्रास होता आणि पावसाळ्यात शाळा निम्मी बुडायची. लोकांच्या तोंडी दोन वाक्यं. एक, "हिला काय उद्योग नाही, म्हणून पोराला घेऊन बसलीय." रात्रभर वॉर्डात उभी राहून आलेल्या बाईला हे ऐकावं लागतं. दुसरं वाक्य नंतर आलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मुलाचा दमाही आटोक्यात आला होता, म्हणून आम्ही त्याला परत शाळेत घातलं. तर सगळे म्हणाले, "बघा, फसलं शेवटी."

काहीही फसलं नव्हतं. त्या काळात त्याला घरी ठेवणं गरजेचं होतं, ठेवलं. ती गरज संपली, शाळेत गेला. पहिले दोन महिने त्याला एका जागी बसायचा कंटाळा आला, नंतर रमला. शाळा सोडणं किंवा धरणं ही जन्मभराची शपथ नाही. पण गावाला कोण जिंकलं ते हवं असतं, आणि त्या हिशोबात पोराचा दमा कुणाला आठवत नाही.


शाहूपुरी तिसरी गल्ली

पाळी, अडखळणं, बंद पडलेली मराठी शाळा, दमा. मी पहिल्या प्रतिसादात जे लिहिलं त्यात यांतलं एकही नव्हतं. ताराबाई पार्कातल्या त्या दोन घरांनाही मी कधी कारण विचारलेलं नाही. विचारेन.


करवीरी गुरुजी

दुधाळीच्या मुलीनं लिहिलेलं दोनदा वाचलं. तिच्यासारखं सरळ लिहिणारी मुलं माझ्या वर्गातून अधिक निघायला हवी होती.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. शाळेत मूल आपल्या जातीबाहेरच्या, आपल्या ऐपतीबाहेरच्या पोरांशेजारी बसतं. मोगराताईंच्या मुलाला तिथं त्रास झाला, त्याची मला शिक्षक म्हणून लाज वाटते. तरीही बाकावरची ती सोबत घरात मिळत नाही. पेठेत थोडी मिळते, हे मान्य. नव्या कॉलनीत, अपार्टमेंटमध्ये ती मिळेल का याची शंका आहे.

कळंब्याच्या ताईंना एक विचारतो. आईबापांची कारणं सगळ्यांनी लिहिली. मुलीला स्वतःला विचारलंत का?


कळंब्याची

विचारते, दर वर्षी जूनमध्ये. आत्तापर्यंत "घरीच" म्हणायची. या वर्षी उत्तर वेगळं आलं. तिला सूक्ष्मदर्शक हवाय, तोही मोठा, शाळेतल्यासारखा. आणि कबड्डीचा संघ हवाय, कारण घरात सात जण होत नाहीत. म्हणाली, आठवीला जाऊन बघते, नाही आवडलं तर परत येईन. तिच्या बाबांना थोडं वाईट वाटलं, पण ते म्हणाले जाऊदे. त्यांची दुसरी पाळी बदलून मिळते का, त्यासाठी अर्ज देणार आहेत.

आता प्रश्न असा की चौथीनंतर एकदम आठवी, मधल्या इयत्तांचा दाखला नाही. एका शाळेत चौकशी केली तर म्हणाले पाचवीत बसवू. बारा-तेरा वर्षांची मुलगी पाचवीत कशी बसवायची? कुणाला माहीत असेल तर सांगा.


भवानी मंडप

पाचवीत बसवायचं कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ वाचा. सहा वर्षांवरच्या ज्या मुलाचं शिक्षण मध्येच थांबलंय, त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा असतो, आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाची सोय करायची असते. तुमच्या मुलीला तिची गरज पडेल असं वाटत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, तुमच्याकडं तर जन्मदाखलाही असेल. चौथीचा शाळा सोडल्याचा दाखला सोबत घ्या.

अर्ज लेखी द्या, त्यात कलम ४ आणि जन्मतारीख लिहा, आणि पोच घ्या. मुख्याध्यापकांनी ऐकलं नाही तर महापालिका हद्दीत असाल तर प्राथमिक शिक्षण समितीच्या कार्यालयात प्रशासन अधिकाऱ्यांकडं, ग्रामपंचायत हद्दीत असाल तर पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जा.

एक मात्र ध्यानात ठेवा. हा हक्क आठवीपर्यंतच्या प्राथमिक शिक्षणापुरता आहे. नववीला असा प्रवेश हक्कानं मागता येत नाही, तिथं शाळेच्या मर्जीवर येतं. म्हणून जायचं असेल तर आठवीलाच जाऊद्या. पुढं परत घरी यावंसं वाटलं तर दहावीसाठी एनआयओएस आहे, किंवा बाहेरून परीक्षेला बसायचा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. तो भरताना शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, त्यामुळं आठवीचा दाखला जपून ठेवा.


करवीरी गुरुजी

अर्जाचा मसुदा मी करून देतो. असे अर्ज पालकांकडून पुष्कळ लिहून घेतलेत. निरोप पाठवा.


कळंब्याची

पाठवला, गुरुजी. हद्द महापालिकेची नाही, ग्रामपंचायतीची आहे.